मोटारीचे चाक मोठे केल्याने प्रवास आरामदायी होतो का?

कापडाच्या व्यापाऱ्याचे अर्धे आयुष्य रस्त्यावर जाते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत अशा बाजारपेठांतून फिरल्याशिवाय हा धंदा होत नाही. पूर्वी आपण एस.टी. व रेल्वेने फिरत होतो. आता बहुतेक व्यापारी बांधवांकडे स्वतःची मोटार आहे. मोटार घेताना आपण किंमत पाहतो, मायलेज पाहतो, हप्ता पाहतो. परंतु ती ज्या चार टायरांवर उभी असते, त्यांच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही. टायर झिजला की दुकानदार जे सांगेल ते बसवून आपण मोकळे होतो. याच सवयीमुळे माझे जे नुकसान झाले, ते इतर बांधवांचे होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोटारीचे टायर बदलण्याची वेळ आली. मूळ टायर १८५/६५ आर १५ या मापाचे होते. चिरंजीवांना १७ इंची अलॉय रिमचा शौक होता. दुकानदारानेही सांगितले, "चाचा, मोठे चाक म्हणजे मोठा आराम. खड्डा कळणारसुद्धा नाही." मी होकार दिला व चार रिम आणि चार टायर अशी मोठी रक्कम मोजली. गाडी दिसायला देखणी झाली यात शंका नाही. परंतु पहिल्याच लांबच्या प्रवासात मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीत सतत घरघर ऐकू येऊ लागली. पुलावरचा प्रत्येक सांधा कमरेला कळू लागला. मागच्या आसनावर माझ्या वालिदा होत्या. त्यांचे वय ८० च्या पुढे आहे. त्यांनी विचारले, "बेटा, गाडी नवी केली की जुनी?" पुढे पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे चाक आपटले. रिम वाकली आणि टायरच्या बाजूवर लिंबाएवढा फुगा आला. टायर फेकून द्यावा लागला.

तो टायर एका जुन्या मिस्त्रीने माझ्यासमोर कापून दाखवला व म्हणाला, "शेठ, तुम्ही कापडवाले. हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल." आत पाहिले तर खरोखरच धागे तुटलेले होते. त्या दिवसापासून मी हा विषय समजून घेऊ लागलो.

टायर हेही कापडच आहे

टायर म्हणजे नुसते रबर, अशी आपली समजूत असते. वास्तविक टायरचा सांगाडा धाग्यांचा असतो. पूर्वी त्यासाठी सुती धागा वापरत. नंतर रेयॉन आला, मग नायलॉन आला, आणि आज मोटारीच्या टायरमध्ये मुख्यतः पॉलिएस्टरचा पीळदार दोर वापरतात. हे कापड आपल्या कापडासारखे विणलेले नसते. त्यात ताणा जाड व मजबूत असतो आणि बाणा अगदी विरळ, केवळ ताण्याचे दोर जागेवर धरण्यापुरता असतो. कारण स्पष्ट आहे. ताणा-बाणा सारख्या जोराचे असले तर टायर दबताना धागे एकमेकांवर घासून लवकर तुटतात. रेडियल टायरमध्ये हे दोर रिमच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रेडियल रचनेचे पेटंट घेतले.

आता मुख्य गोष्ट लक्षात घ्यावी. गाडीचे वजन मुख्यतः रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. धाग्यांचे काम ती हवा आवळून धरण्याचे आहे. हवेचा टायर निघाला तोच मुळी आरामासाठी. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले होते, परंतु ती कल्पना त्या वेळी बाजारात चालली नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला. भरीव रबराच्या चाकाने मुलाला धक्के बसत होते, एवढेच त्याचे निमित्त. म्हणजे धक्का पिण्यासाठी जी हवा भरली, तीच कमी केली तर धक्का परत येणार, हे उघड आहे.

टायरवरील अंक कसे वाचावेत?

१८५/६५ आर १५ हे माप घेऊ. यातील १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मि.मी. 'आर' म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एक इंच २५.४ मि.मी. धरल्यास रिम ३८१ मि.मी. होते. त्यात वरची व खालची बाजू मिळवली की संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२१ मि.मी. येतो.

आता पुढील चार मापांची तुलना करावी. यांतील पहिली दोन मापे मारुती स्विफ्टच्या वेगवेगळ्या प्रकारांत आढळतात. तिसरे माप बलेनोच्या महाग प्रकारात येते, आणि चौथे माझ्यासारखे शौकीन लोक बाहेरून बसवून घेतात.

१६५/८० आर १४ : बाजू १३२ मि.मी., पूर्ण व्यास सुमारे ६२० मि.मी.
१८५/६५ आर १५ : बाजू १२० मि.मी., पूर्ण व्यास सुमारे ६२१ मि.मी.
१९५/५५ आर १६ : बाजू १०७ मि.मी., पूर्ण व्यास सुमारे ६२१ मि.मी.
२०५/४५ आर १७ : बाजू ९२ मि.मी., पूर्ण व्यास सुमारे ६१६ मि.मी.

या हिशेबात सगळी मेख आहे. चौथ्या ओळीतील "मोठे चाक" मुळात मोठे नाहीच. बाहेरून चारही चाके जवळपास एकाच मापाची आहेत. मोठी झाली ती फक्त धातूची रिम. आणि तिने जी जागा घेतली ती हवेची व रबराची घेतली. १५ वरून १७ इंचावर जाताना माझ्या टायरची बाजू १२० वरून ९२ मि.मी. झाली, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा उशी गेली. गादीतला कापूस काढून खालची लाकडी फळी जाड करावी आणि गादी मोठी झाली म्हणून जास्त पैसे घ्यावेत, तसा हा व्यवहार झाला.

आरामाचे गणित

गाडीत बसलेल्या माणसापर्यंत धक्का तीन ठिकाणांहून गाळून येतो. पहिला टायर, दुसरी स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर, तिसरी सीटची गादी. लहान गाडीच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार असतो. एवढ्या भाराखाली टायर ढोबळमानाने १५ ते २५ मि.मी. दबतो. मोठा खड्डा किंवा गतिरोधक आला की स्प्रिंग काम करते. परंतु खडी, डांबराचे ठिगळ, पुलाचा सांधा असे बारीक व अचानक येणारे धक्के स्प्रिंगपर्यंत पोहोचण्याआधी टायरनेच प्यायचे असतात. बाजू उंच असेल तर ती लवते व धक्का जिरतो. बाजू आखूड असेल तर तिला लवायला जागाच राहत नाही आणि धक्का पुढे जातो.

दुसरे कारण वजनाचे. रिम, टायर व ब्रेक हा भाग स्प्रिंगच्या खाली असतो. तो जितका जड, तितका त्याला वर-खाली होताना आवरणे स्प्रिंगला कठीण जाते. अलॉय म्हणजे हलके असा समज आहे, पण तो दर वेळी खरा नाही. १७ इंची स्वस्त अलॉय रिम १५ इंची पोलादी रिमपेक्षा जडही असू शकते. खरेदीपूर्वी दोन्ही काट्यावर ठेवून पाहाव्यात.

तिसरे कारण हवेच्या दाबाचे. आत हवा कमी मावते, म्हणून तोच भार पेलायला दाब जास्त ठेवावा लागतो आणि टायर अधिक टणक होतो. येथे व्यापारी बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. मापाच्या पुढे टायरवर आणखी एक अंक असतो, तो भार दाखवतो. १८५/६५ आर १५ वर सामान्यतः ८८ हा अंक असतो. त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलतो. २०५/४५ आर १७ च्या साध्या टायरवर ८४ असतो. त्याचा अर्थ ५०० किलो. टायर रुंद झाला, महाग झाला, आणि चार टायरांची ताकद मिळून २४० किलो कमी झाली! तेवढीच ताकद हवी असेल तर त्याच मापात 'एक्स.एल.' लिहिलेला मजबूत टायर घ्यावा लागतो. पण तो आपला पूर्ण भार पेलतो तो ४२ पौंड दाबाच्या हिशेबाने. साध्या टायरसाठी हा हिशेब ३६ पौंडांचा असतो. आपल्यापैकी अनेक जण मागची सीट पाडून कापडाचे तागे भरतात. अशांनी भाराचा अंक न पाहता टायर बदलणे धोक्याचे आहे.

खड्ड्यातील नुकसानही यावरूनच समजते. चाक खड्ड्याच्या काठावर आपटते तेव्हा टायरची बाजू रिम व रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते. आखूड बाजू लवकर चिमटते, आतले धागे तुटतात, आणि त्या ठिकाणी हवा रबराला बाहेर ढकलते. तोच फुगा. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो कोणत्याही क्षणी फुटू शकतो, म्हणून तो ताबडतोब काढावा.

आवाज कोठून येतो?

मोटारीचा वेग ताशी ४० ते ५० कि.मी. च्या वर गेला की इंजिनपेक्षा टायरचा आवाज वरचढ ठरतो. वेग दुप्पट झाला तर हा आवाज साधारण ९ ते १२ डेसिबलनी वाढतो. १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला जवळपास दुप्पट वाटते. बॅटरीवरच्या मोटारीत इंजिन नसल्याने टायरचा आवाज आणखीच जाणवतो.

या आवाजाची कारणे अनेक आहेत. टायरच्या नक्षीतील प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. नक्षीच्या चरांत अडकलेली हवा दबून बाहेर फेकली जाते. टायर व रस्ता यांच्यामध्ये कर्ण्यासारखी जी फट असते, ती हा आवाज मोठा करते. टायर रुंद झाला की एकाच वेळी आपटणारे ठोकळे वाढतात, अडकणारी हवा वाढते व कर्णाही रुंद होतो. म्हणूनच युरोपीय संघाने २००९ साली ठरवलेल्या नियमात रुंदीप्रमाणे आवाजाची मर्यादा वेगळी आहे. १८५ मि.मी. पर्यंतच्या टायरला ७० डेसिबल, त्यापुढे २४५ पर्यंत ७१, २७५ पर्यंत ७२ आणि त्याहून रुंद टायरला ७४ डेसिबल. भारतातही २०२२ साली केंद्र सरकारने टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड व घरंगळण्याचा अवरोध यांसाठी प्रमाण लागू करण्याचा नियम केला. मात्र ही मोजणी गाडीच्या बाहेरच्या आवाजाची असते. आत बसणाऱ्याला किती आवाज येईल, हे त्यावरून पूर्ण कळत नाही.

आतला आवाज दोन वाटांनी येतो. सूं-सूं असा बारीक आवाज हवेतून, काचा-दरवाज्यांतून येतो. घरघर असा जाड आवाज मात्र टायर, रिम, स्प्रिंग या मार्गाने गाडीच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो. बाजू आखूड व टणक असेल तर हा दुसरा मार्ग मोकळा होतो. माझ्या गाडीतील घरघर हीच होती. याशिवाय टायरमधील हवेची पोकळीही घुमते. तिचा सूर सेकंदाला साधारण २०० ते २५० कंपनांचा असतो. पुलाच्या सांध्यावर "टण्ण" किंवा "घुं" असे जे ऐकू येते, ते बऱ्याच वेळा हेच. काही कंपन्या त्यासाठी टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवतात.

नक्षीविषयी एक गोष्ट कारखानदारांना लगेच पटेल. सगळे माग एकाच ठेक्यात पडू लागले तर शेडमध्ये उभे राहवत नाही; ठेका मागे-पुढे झाला की तोच आवाज सुसह्य होतो. म्हणून चांगल्या टायरच्या नक्षीतील ठोकळे मुद्दाम लहान-मोठे ठेवलेले असतात. यामुळे एकाच मापाच्या दोन टायरांच्या आवाजात बराच फरक पडू शकतो. केवळ माप योग्य असून भागत नाही, नक्षीही पाहावी लागते.

रस्त्याचाही यात वाटा आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर पाणी निघून जावे म्हणून आडव्या रेघा पाडतात. त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्गावर गाडी डांबरी रस्त्यापेक्षा जास्त गुणगुणते. डांबरी रस्त्यावर येताच आवाज बदलला तर तो टायरचा समजावा. रस्ता बदलूनही तोच राहिला, आणि वळण घेताना कमी-जास्त झाला, तर चाकाची बेअरिंग तपासून घ्यावी.

मोठ्या रिमचे फायदे नाहीत का?

इन्साफाने सांगायचे तर आहेत. आखूड बाजूचा टायर वळणावर कमी लवतो, त्यामुळे स्टिअरिंगला गाडी चटकन प्रतिसाद देते. मोठ्या रिममध्ये मोठे ब्रेक मावतात. गुळगुळीत रस्त्यावर वेगाने गाडी चालवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. तसेच चाकाचा पूर्ण बाहेरचा व्यास खरोखर मोठा असेल तर ते खड्ड्यात कमी बुडते, हेही खरे आहे. जीपसारख्या उंच गाड्यांना म्हणूनच फायदा मिळतो. परंतु तो फायदा पूर्ण चाकाचा आहे, रिमचा नाही. दुकानदाराने मला सांगितले ते वाक्य या दोन गोष्टींची सरमिसळ करून तयार झाले होते.

बाहेरचा व्यास मनमानीने वाढवणेही योग्य नाही. टायर चिखलपंख्याला घासतो, आणि वेगाचा व किलोमीटरचा काटा चुकीचा आकडा दाखवतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने घातली आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी असा बदल पुढे करून दावा अडवू शकते. म्हणून कारखान्याने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतच राहावे.

खरेदी करताना काय पाहावे?

१) ड्रायव्हरच्या दाराजवळील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मान्य माप व हवेचा दाब दिलेला असतो. तो लिहून दुकानात न्यावा.

२) एकाच गाडीला दोन मापे मान्य असतील आणि आपला प्रवास खड्ड्यांचा, घरात वृद्ध किंवा कमरेचे रुग्ण असतील, तर लहान रिम व उंच बाजूचे माप घ्यावे. ते बहुधा स्वस्तही पडते. मात्र मान्य मापापेक्षा लहान रिम घेऊ नये. आत ब्रेक मावत नाही.

३) भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

४) टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर कडक होतो, आवाज करतो व ओल्या रस्त्यावर कमी धरतो.

५) हवा टायर थंड असताना तपासावी. आराम मिळावा म्हणून हवा कमी ठेवणे हा चुकीचा इलाज आहे. त्याने टायर तापतो व फुटण्याचा धोका वाढतो.

६) अलाइनमेंट व बॅलन्सिंग वेळेवर करावे. टायर करवतीच्या दात्यासारखा झिजला की कितीही चांगला असला तरी ओरडतो. नक्षीची खोली १.६ मि.मी. वर आली की टायर बदलावाच.

दुकानदार बांधवांना एक विनंती

टायर, पंक्चर व गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजातील बांधव मोठ्या संख्येने आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला व आतले धान्य ओले आढळले, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मालाचा ऐब गिऱ्हाइकाला दाखवून विकणे ही हलाल तिजारतीची अट आहे. मोठी रिम विकणे गैर नाही. पण "गाडी देखणी दिसेल, वळणावर बरी धरेल, मात्र धक्के व आवाज वाढतील, खड्ड्यात जपावे लागेल" एवढे तीन वाक्यांत सांगावे. ज्याला शौक आहे तो तरीही घेईल. ज्याच्या घरी वृद्ध आई आहे तो घेणार नाही, पण पुढचे सगळे टायर तुमच्याकडूनच घेईल.

मी स्वतः वाकलेली रिम भंगारात दिली, उरलेल्या तीन रिम निम्म्याहून कमी भावात विकल्या आणि जुन्या १५ इंची पोलादी रिमवर मूळ मापाचे टायर चढवले. चिरंजीव थोडे नाराज झाले. पुढच्या खेपेला वालिदा मागच्या सीटवर घाटापर्यंत झोपून आल्या, तेव्हा त्यांनीही काही तक्रार केली नाही.